गादी सोडणार नाही

५ जानेवारी
निर्णय झाला. बाळंतपणाची रजा अगदी शेवटच्या क्षणापर्यंत घ्यायची नाही. डॉक्टरबाईंनी दिलेली तारीख अठ्ठावीस मार्च. कॅलेंडर पाहिलं तर नेमका शनिवार! म्हणजे शुक्रवारी संध्याकाळी काम संपवायचं, टेबल आवरायचं, सगळ्यांना हसून बाय म्हणायचं आणि शनिवारी सकाळी बाळंत व्हायचं. रजेचा एक दिवस वाया नाही. सगळीच्या सगळी बाळासाठी शिल्लक.

इतकी साधी गोष्ट बाकीच्या बायकांना कशी जमत नाही, कळत नाही. प्लॅनिंग लागतं.

७ जानेवारी
ही वही मी सोडून कोणी वाचणार नाही, तेव्हा खरं कारण लिहायला हरकत नाही.

आमचा गाद्यांचा कारखाना. मी चाचणी विभागात. फोम, स्प्रिंगा, शिलाई, सगळं माझ्या हाताखालून जातं, आणि हाताला शंका आली तर बैठकीखालून. आमचे विभागप्रमुख डिसेंबरात निवृत्त झाले. त्यांची जागा रिकामी आहे. कारखान्यात सगळे त्या जागेला ‘गादी’च म्हणतात. गाद्यांच्या कारखान्यात दुसरं काय म्हणणार? मोठे साहेब लवकरच नेमणूक करणार आहेत. गादीला वारस दोन. एक मी. दुसरा माझा असिस्टंट, ज्याला सगळे स्प्रिंग म्हणतात. उंच, बारीक, आणि कोणी हाक मारली की खुर्चीतून उसळून उभा राहतो. मुलगा हुशार आहे, नम्र आहे, कामसू आहे. हीच तर अडचण आहे.

अकाउंट्समधल्या एक बाई दोन वर्षांपूर्वी बाळंतपणाच्या रजेवर गेल्या. परत आल्या तर त्यांच्या टेबलावर प्रिंटर. अजून त्या प्रिंटरशेजारी स्टुलावर बसतात. कोणी प्रिंट काढायला आलं की पाय आवरून घेतात. मी त्या स्टुलाकडे रोज बघते.

तेव्हा ठरलं. गादी मिळेपर्यंत गादी सोडायची नाही.

१३ जानेवारी
आज कडेची चाचणी. माणूस बूट घालायला पलंगाच्या कडेला बसतो तसं गादीच्या कडेला बसायचं आणि कड किती दबते ते बघायचं. नियमांप्रमाणे त्यासाठी लोखंडी वजनं ठेवायची असतात. पण माझी बैठक वजनांपेक्षा अचूक आहे, असं जुने प्रमुख सगळ्यांसमोर म्हणाले होते. तेव्हापासून वजनं कोपऱ्यात गंजतायत.

सगळ्या गाद्या नापास! एकही कड टिकली नाही. बसलं की सरळ खाली. उत्पादन विभाग काय झोपा काढतोय की काय? लाल स्टिकर लावून अख्खा लॉट परत पाठवला.

स्प्रिंग म्हणाला, ताई, एकदा वजनं ठेवून बघू या का, कारण बसणाऱ्याचं... आणि थांबला. म्हटलं, बसणाऱ्याचं काय? तर म्हणाला, बसणाऱ्याचं मन मोठं असतं. कधी कधी विचित्रच बोलतो.

१५ जानेवारी
उत्पादनाचे मॅनेजर तावातावाने आले. स्वतः कडेवर बसले. कड दबली नाही. मी म्हटलं, तुमची बैठक पोकळ आहे. प्रकरण मोठ्या साहेबांकडे गेलं. साहेबांनी माझ्याकडे पाहिलं, मग छताकडे पाहिलं, आणि यापुढे वजनंच वापरायची असा हुकूम काढला. लॉट पास झाला.

याकडे मी विजय म्हणून बघते. इतकी वर्षं कोपऱ्यात गंजत पडलेली वजनं अखेर माझ्यामुळे वापरात आली.

१९ जानेवारी
डॉक्टरबाईंकडे. पायावर सूज आहे म्हणाल्या. फेब्रुवारीच्या मध्यापासून रजा सुरू करा, असं चिठ्ठीवर लिहूनच दिलं. मी विचारलं, हे सगळ्यांनाच सांगता की मलाच? म्हणाल्या, सगळे ऐकतात म्हणून एकदाच सांगते, तुम्हाला तिसऱ्यांदा सांगतेय. म्हणजे माझ्या केसमध्ये त्यांना विशेष रस आहे.

चिठ्ठी एचआरच्या बाईंना दिली. म्हटलं, फाइलला लावून ठेवा, घाई नाही.

घरी आले तर सासूबाईंनी हॉस्पिटलची बॅग भरून दारात ठेवलेली. दोन महिने आधी! मी अडखळले. नवऱ्याला सांगून ती माळ्यावर टाकली. सासूबाई म्हणाल्या, अगं, माळ्यावरची बॅग ऐन वेळी कोण काढणार? म्हटलं, शनिवारी सकाळी निवांत काढू.

२१ जानेवारी
पाठ दुखते. घरची गादी जुनी झालीय. शिंप्याचे कपडे फाटके असतात तसलंच हे. स्प्रिंगला सांगून ठेवलं की सेकंडच्या मालात, म्हणजे शिलाई जरा वाकडी वगैरे, एखादी चांगली गादी निघाली तर माझ्यासाठी बाजूला ठेव. मोबाइलमध्ये लिहून घेतलं त्याने.

संकल्प: स्प्रिंगला काम अर्धंच शिकवायचं. उरलेलं अर्धं माझ्या डोक्यात. डोकं रजेवर पाठवता येत नाही, हे साहेबांच्या लक्षात आलं पाहिजे.

२२ जानेवारी
अर्धं शिकवायला बसले. फोमची घनता तळहाताने कशी ओळखायची ते. बोलता बोलता नमुन्याच्या गादीवर जरा टेकले. डोळे उघडले तेव्हा अंगावर कव्हरचं कापड होतं आणि स्प्रिंगने दिवसभराच्या चाचण्या उरकल्या होत्या. ज्या मी शिकवल्या नव्हत्या त्याही.

अर्धं शिकवलं की उरलेलं त्याला सुचतं. पद्धतच तशी आहे माझी.

२७ जानेवारी
दुपारच्या टेकण्याला रीतसर नाव दिलं. ‘दीर्घकालीन आराम चाचणी.’ गादी पाच मिनिटांत काय कळणार? तास-दोन तास पडून बघायलाच हवं. निष्कर्षही लिहिला: उत्तम, जाग येत नाही.

स्प्रिंगने दारावर पाटी लावली. चाचणी चालू आहे, आवाज करू नये. रोलरवाला, म्हणजे गाद्यांवरून दिवसभर जड लाकडी रूळ फिरवणारं मशीन चालवतो तो, त्याने तेवढा वेळ मशीन बंद ठेवलं. शास्त्राबद्दल इतका आदर मी या कारखान्यात आधी पाहिला नव्हता.

२ फेब्रुवारी
मोठ्या साहेबांची मीटिंग. हीटरशेजारची खुर्ची मिळाली. साहेब तिमाहीच्या आकड्यांबद्दल बोलत होते. नीट लक्ष लागावं म्हणून मी डोळे मिटले. आकडे डोळे मिटून जास्त चांगले कळतात.

एकदम टाळ्या. मीही वाजवल्या. मागे राहिले असं दिसू नये म्हणून जरा जोरातच, आणि सगळ्यांच्या थांबल्यावरही थोड्या. सगळे माझ्याकडे बघून हसत होते. साहेब म्हणाले, वा, हा आत्मविश्वास आवडला मला. मी मान तुकवली.

टाळ्या कशाबद्दल होत्या ते विचारायचं राहिलं. आता विचारलं तर लक्ष नव्हतं असं वाटेल.

३ फेब्रुवारी
कमाल आहे लोकांची. आज सकाळपासून अभिनंदन, अभिनंदन! गेटवरच्या वॉचमनपासून कॅन्टीनवाल्या मावशींपर्यंत. पोट गेटमधून आधी आत येतं, मी मागून येते, आणि यांना आज दिसलं! वॉचमनला म्हटलं, अहो, अजून व्हायचंय, आधीच कसलं अभिनंदन? तो म्हणाला, नाही कसं, साहेबांनी सांगितलं ना काल. माझं गरोदरपण साहेबांनी मीटिंगमध्ये जाहीर केलं? खासगीपणा नावाची गोष्टच उरली नाही.

मग स्प्रिंग आला. हात पुढे केला आणि म्हणाला, ताई, गादी तुमचीच. मला जराही वाईट वाटलं नाही, मनापासून सांगतो.

अरे! म्हणजे ती सेकंडची गादी त्यालाही हवी होती तर. बिचारा. म्हटलं, असं मन मारू नकोस, पुढच्या लॉटमध्ये तुलाही मिळेल, मी स्वतः शब्द टाकीन. त्याच्या डोळ्यांत पाणीच आलं. गादीसाठी इतकं? घरी काय जमिनीवर झोपतो की काय हा?

९ फेब्रुवारी
एचआरच्या बाईंचा फोन. ताई, दिवस भरले का? दचकलेच. दिवस भरले असं कोणी एचआरने म्हणावं का? म्हटलं, अजून दीडेक महिना आहे, आणि ही विचारायची पद्धत नव्हे. त्या म्हणाल्या, अहो, सिस्टिममध्ये! चिठ्ठीवरून तुमचा रजेचा अर्ज मी टाकलाय. कधीपासून कधीपर्यंत, ते दिवस भरायचे राहिलेत.

मी ठणकावून सांगितलं, भरणार नाही. त्या म्हणाल्या, बरं बाई, आता काय, तुमची रजा तुमच्याच हातात. कोणाला विचारायला नको.

किती पुरोगामी विचार! आणि वर म्हणाल्या, बाकीच्यांच्याही तुमच्याकडेच आहेत, जरा बघा. बाकीच्यांच्या काय, ते कळलं नाही. शुभेच्छा असाव्यात. ईमेल बरेच साठलेत. रजेच्या आदल्या दिवशी एकदम वाचीन.

१३ फेब्रुवारी
रोलरवाला टेबलापाशी येऊन उभा. ताई, बहिणीचं लग्न आहे पुढच्या आठवड्यात. म्हटलं, अरे वा, छान. तो उभाच. म्हटलं, माझ्याकडून शुभेच्छा सांग. तरी उभाच. म्हणाला, ताई, तुम्ही मनावर घेतलंत तर होईल. मी म्हटलं, माझ्या मनावर घेण्याने काय होणार, मुलाकडच्यांनी मनावर घेतलं पाहिजे. तो खाली मान घालून निघून गेला.

लग्नात काही तरी विघ्न आहे. चौकशी करायला हवी.

१६ फेब्रुवारी
डॉक्टरबाईंनी सांगितलेली रजा आजपासून. मी ऑफिसात. दुसऱ्या मजल्यावर जिन्याने गेले, दमले नाही. मधल्या पायरीवर बसले ते कठड्याचं सुतारकाम बघायला. वॉचमनने खुर्ची आणून दिली, तिच्यावर बसून उरलेलं सुतारकाम बघितलं.

संकल्प: उद्यापासून दीर्घकालीन चाचणी बंद. फार तर अल्पकालीन.

१७ फेब्रुवारी
दीर्घकालीन. नमुना अपवादात्मक होता.

२३ फेब्रुवारी
वाईट दिवस.

सकाळी स्प्रिंग जुन्या प्रमुखांच्या रिकाम्या केबिनमध्ये टेप लावून मापं घेत होता. मला बघितल्यावर गडबडला, टेप मागे लपवला. दुपारी मोठे साहेब भेटले. म्हणाले, त्या केबिनला रंग काढायचाय, कुठला बरा दिसेल? आत पाय पसरायला एक लहानसा कोच ठेवावा म्हणतो, तुमचं काय मत? तेवढ्यात त्यांचा फोन वाजला आणि ते बोलत बोलत पुढे गेले.

म्हणजे ठरलं. स्प्रिंगला गादी दिली. पाय पसरायला कोच हवाच, त्याचे पाय मैलभर लांब. आणि रंग कुठला ते मला विचारतात! मी फिका हिरवा सांगितला. आवाज नेहमीसारखा ठेवला.

मग फोमच्या गोदामात जाऊन रडले. तिथे आवाज बाहेर जात नाही, फोम सगळा शोषून घेतो. हे आम्ही कॅटलॉगमध्ये का लिहीत नाही?

वहीत तरी खरं लिहावं. मला भीती वाटते. इथे डोळे मिटून हात ठेवला तरी फोममध्ये काय कमी आहे ते सांगते. बाळ मी आयुष्यात एकदाच हातात घेतलंय, नणंदेचं, आणि ते असं किंचाळलं की शेजारचे बघायला आले. उद्या तिकडे जमलं नाही, आणि इकडे परत आले तर टेबलावर प्रिंटर. मग मी कुठली? त्या स्टुलावर मी कशी मावणार?

घरी कोणाला सांगितलं नाही. सासूबाईंनी न विचारता सूप करून दिलं आणि शेजारी बसून राहिल्या. त्यांना काय कळलं, देव जाणे.

२४ फेब्रुवारी
रडण्याने चाचण्या होत नाहीत. साहेबांनी रंग काढायला घेतलाय, नाव अजून लावलेलं नाही. माणसाचं मन वळवता येतं. हिरवा रंग मलाही शोभेल.

नवं धोरण: इतकं काम करायचं की साहेबांना लाज वाटली पाहिजे.

२ मार्च
संधी चालून आली. एका मोठ्या हॉस्पिटलची ऑर्डर येतेय, शेकडो गाद्यांची. त्यांना पाणी न मुरणारं कव्हर हवं. सतरा तारखेला त्यांची माणसं येणार, त्यांच्यासमोर चाचणी. गादीवर पाणी ओतायचं, कव्हरच्या आत टिपकागद ठेवायचा. कागद कोरडा निघाला की ऑर्डर आपली.

ही चाचणी मीच करणार. स्प्रिंग म्हणाला, ताई, मी करतो ना, तुम्ही आता रजा घ्या, तुम्हाला कोण अडवणार आहे? बघा! गोड बोलून काटा काढणं म्हणतात ते हेच. एवढा साळसूद चेहरा, आणि पोटात हे.

म्हटलं, मी जिवंत असेपर्यंत टिपकागद मीच काढणार.

९ मार्च
डॉक्टरबाई ओरडल्या. बाळ खाली सरकलंय म्हणे. नवऱ्याला बाजूला घेऊन बोलल्या. तो गाडीत म्हणाला, अगं, ऑफिस काय पळून जातंय का? मी म्हटलं, प्रिंटर. तो म्हणाला, कुठला प्रिंटर? लग्नाला चार वर्षं झाली तरी या माणसाला मूळ मुद्दा कळत नाही.

सासूबाई म्हणाल्या, तू तारीख ठरवलीस, पण जो येणार आहे त्याला विचारलंस का? त्यांच्या काळी प्लॅनिंग नव्हतं.

तह झाला. सतरा तारखेच्या चाचणीनंतर विचार करीन. फक्त विचार.

१३ मार्च
बूट घालता येत नाहीत. नवरा घालतो. त्यासाठी पलंगाच्या कडेला बसते. कड खचते. माझं आधीपासून म्हणणं होतंच.

१७ मार्च, सकाळी
आजचा दिवस माझा. पोटात बारीक बारीक कळा येतायत, कालची कोबी असणार. निळा ड्रेस घातला. आत मावतो तो एवढाच. चाचणी झाली की साहेबांना एकटं गाठायचं आणि सरळ विचारायचं: गादी कोणाची? बोलायच्या मुद्द्यांची मनात उजळणी केली. नवरा म्हणाला, बॅग काढून ठेवू का माळ्यावरून? म्हटलं, शनिवार अजून लांब आहे.

१९ मार्च
हॉस्पिटलच्या कॉटवरून लिहितेय. मुलगी झाली. आम्ही दोघी ठीक. क्रमाने लिहिते, नाहीतर मला स्वतःलाच खरं वाटायचं नाही.

पाहुणे तिघं आले होते. मोठे साहेब सूटमध्ये. स्प्रिंग पाण्याचं भांडं घेऊन उभा. मी प्रस्तावना सुरू केली, आणि बोलताना पाय भरून आले म्हणून गादीच्या मधोमध बसले. मजबुतीही दिसेल, असा विचार. कव्हरवर पाण्याचा थेंबही ठरत नाही, असं मी म्हणायला आणि गादीवर पाणीच पाणी व्हायला एक गाठ पडली.

मला वाटलं स्प्रिंगने घाई केली. त्याच्याकडे डोळे वटारले आणि पाहुण्यांना म्हटलं, बघा, इतकं पाणी एकदम ओतलं तरी आत जाणार नाही. स्प्रिंग हळूच म्हणाला, ताई, भांडं माझ्या हातात आहे. भरलेलंच आहे.

पाहुण्यांतल्या बाई सगळ्यात आधी उठल्या. त्या नर्सच होत्या. म्हणाल्या, गादीचं नंतर बघू, यांना आधी हलवा. मी म्हटलं, टिपकागद! टिपकागद बघितल्याशिवाय मी हलणार नाही! साहेबांनी, सूटमधल्या मोठ्या साहेबांनी, गुडघ्यावर बसून कव्हरची चेन उघडली आणि कागद काढून मला दाखवला.

कोरडा ठणठणीत.

मग मी हलले. रोलरवाल्याने आणि वॉचमनने मला खुर्चीत बसवलं आणि खुर्चीसकट उचललं. नवरा घरी जाऊन हॉस्पिटलात आला, बॅगेशिवाय. माळ्यापर्यंत त्याचा हात पोचेना, शिडी शेजाऱ्यांकडे, शेजारी बाहेर. शेवटी स्प्रिंग आमच्या घरी गेला आणि टाचा न उचलता बॅग काढून घेऊन आला. हॉस्पिटलच्या दारात सासूबाई म्हणे त्याला म्हणाल्या, बाळा, तुझ्यासारखा एक घरात असायला हवा होता. नवरा तिथेच उभा होता.

आज साहेब भेटायला आले. सोबत एचआरच्या बाई. मी मुद्दे काढले. म्हटलं, साहेब, स्प्रिंगच्या नेमणुकीबद्दल माझं एक म्हणणं आहे. साहेब म्हणाले, कसली नेमणूक? म्हटलं, गादी. ते म्हणाले, अहो, गादी तर तुमची! दोन फेब्रुवारीला मीटिंगमध्ये जाहीर केलं ना. तुम्ही स्वतःसाठी केवढ्या टाळ्या वाजवल्यात! तीस वर्षांत असा माणूस बघितला नाही मी.

मी बाळाचं दुपटं उगाचच नीट केलं.

मग एचआरच्या बाईंनी उरलेलं सांगितलं, मला वाटतं जरा चवीनेच. विभागातल्या सगळ्यांच्या रजा विभागप्रमुखाने मंजूर करायच्या असतात. सगळे अर्ज माझ्याकडे पडून आहेत. रोलरवाल्याचा, बहिणीच्या लग्नाचा. लग्न झालंसुद्धा. तो बिनपगारी गेला आणि परत येऊन त्याच हातांनी मला खुर्चीसकट उचललं. आणि माझा स्वतःचा अर्ज, दिवस न भरलेला, तोही माझ्याच मंजुरीसाठी माझीच वाट बघतोय. केबिन फिकी हिरवी झालीय. कोच आलाय. स्प्रिंगने मापं घेतली होती ती माझे पाय सुजलेत म्हणून, आणि टेप लपवला होता तो मला सरप्राइज द्यायला.

म्हणजे सोळा फेब्रुवारीपासून मी घरी, पाय वर करून, हक्काने झोपू शकले असते. त्याऐवजी चोरून झोपले. दारावर पाटी लावून.

सासूबाई कोपऱ्यातून म्हणाल्या, काखेत कळसा. पुढची अर्धी म्हण त्यांनी गिळली. मोठेपणा त्यांचा.

स्प्रिंगबद्दल मी या वहीत जे जे लिहिलंय ते खोडायला बसले होते. खूप निघालं. लाजच वाटली.

२० मार्च
विभागप्रमुख म्हणून पहिलं काम. मोबाइलवर सिस्टिम उघडली. आधी रोलरवाल्याची रजा मागच्या तारखेने मंजूर केली आणि त्याला फोन करून माफी मागितली. तो म्हणाला, ताई, तुमच्या शुभेच्छा पोचवल्या मी.

मग माझा अर्ज. दिवस भरले. खाली दोन बटणं, मंजूर आणि नामंजूर. क्षणभर थांबले. ऑर्डर तोंडावर, विभागात माणसं कमी, अशा वेळी इतकी लांब रजा? प्रमुख म्हणून मन धजेना. बाळ रडायला लागलं, तेव्हा मंजूर केली.

माझ्या जागी तोवर स्प्रिंग. टेबलावर प्रिंटर ठेवायचा नाही, ही एकच अट घातली. आणि अकाउंट्सच्या बाईंना केबिनमधला कोच वापरू द्यायचा, ही दुसरी.

६ एप्रिल
घरी. हॉस्पिटलची ऑर्डर मिळाली. त्या नर्सबाई म्हणाल्या म्हणे, अशी चाचणी त्यांना कुठल्याही कंपनीने दाखवली नव्हती. ती गादी मात्र विकता येईना. साहेबांनी धुऊन, पुसून, वर रिबिन बांधून भेट म्हणून घरी पाठवली. स्प्रिंग आणि रोलरवाल्याने वर आणली. स्प्रिंग म्हणाला, ताई, सेकंडची मागितली होती तुम्ही, ही एकदम फर्स्ट आहे.

अखेर गादी मिळाली. दोन्ही मिळाल्या.

बाळाला ती पहिल्या मिनिटापासून पसंत. हातात घेतलं की अजून किंचाळते, पण आता शेजारचे बघायला येत नाहीत, आणि मीही घाबरत नाही, थोडीच घाबरते. गादीवर ठेवलं की शांत. झोपते मात्र मधोमध, आडवी, हात पसरून, लॉट नापास केल्यासारखी. जरा सरकवायला जावं तर अख्खी इमारत जागी होते. एका कडेला नवरा अंग चोरून पडतो. दुसऱ्या कडेला बाळाचे पाय पोचतात. तिथे कोणाला जागा नाही.

संकल्प केला होता की गादी सोडणार नाही. सोडली. पहिल्याच दुपारी, एका शब्दाने न भांडता.

विभागप्रमुख सध्या खाली, जमिनीवर, चादरीवर. इथूनच लिहितेय. जमीन ठीक आहे. टणक आहे, पण एक गोष्ट मान्य करायला हवी, कड अजिबात दबत नाही.